न्यायमूर्ती राधाबिनोद पाल आणि आंतरराष्ट्रीय विधी : टोकियो निकालपत्राच्या अलीकडे व पलीकडे

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्या राष्ट्रांनी पराभूत राष्ट्रांच्या नेत्यांवर न्यूरेंबर्ग आणि टोकियो येथे खटले चालविले. आधुनिक आंतरराष्ट्रीय फौजदारी विधीचा आरंभ सामान्यतः या दोन खटल्यांपासून मानला जातो. यांपैकी टोकियो येथील न्यायाधिकरणातील भारतीय न्यायाधीश डॉ. राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपी सर्व आरोपांतून मुक्त होण्यास पात्र आहेत, असा निष्कर्ष काढला. या एका निष्कर्षामुळे त्यांचे नाव जगभर झाले. परंतु त्याच निष्कर्षाच्या झळाळीत त्यांचे उर्वरित कार्य झाकोळले गेले. जपानमधील एका वर्गाने त्यांना देशाच्या निर्दोषत्वाचा साक्षीदार मानले, तर भारतात त्यांच्याविषयीचा अभिमान बहुधा निकालपत्र न वाचताच व्यक्त होत राहिला.

प्रस्तुत लेखात पाल यांच्या कार्याचा तीन टप्प्यांत विचार केला आहे : विधिअभ्यासक म्हणून झालेली जडणघडण, टोकियो येथील असहमती आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगातील चौदा वर्षांचे सदस्यत्व. हे तीनही टप्पे एकत्र पाहिल्यास पाल यांच्या निकालपत्राचा अर्थ प्रचलित समजुतीपेक्षा वेगळा दिसतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

जडणघडण : गणिताकडून विधीकडे

राधाबिनोद पाल यांचा जन्म २७ जानेवारी १८८६ रोजी अविभक्त बंगालच्या नदिया जिल्ह्यातील कुष्टिया परिसरात झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची होती. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी गणिताचे उच्च शिक्षण घेतले आणि मैमनसिंग येथील आनंदमोहन कॉलेजात अनेक वर्षे गणिताचे अध्यापन केले. त्याच काळात त्यांनी विधीचा अभ्यास पूर्ण केला व पुढे कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९२४ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची विधी विषयातील डॉक्टरेट मिळविली. १९२३ ते १९३६ या काळात ते विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्राध्यापक होते.

कलकत्ता विद्यापीठाची टागोर विधी व्याख्याने हा त्या काळातील विधिविद्वत्तेचा मोठा सन्मान होता. पाल यांना तो तीन वेळा लाभला. यांपैकी एका व्याख्यानमालेचा विषय ज्येष्ठाधिकाराचा वारसा कायदा हा होता, तर दुसरीचा विषय वैदिक काळापासून मनुस्मृतीपर्यंतच्या हिंदू विधीचा इतिहास हा होता. तिसऱ्या मालेसाठी, म्हणजे १९३८ साली, त्यांनी निवडलेला विषय 'आंतरराष्ट्रीय संबंधांतील गुन्हे' हा होता. टोकियो न्यायाधिकरण अद्याप कोणाच्या कल्पनेतही नव्हते, तेव्हाच राष्ट्रांच्या परस्परव्यवहारात 'गुन्हा' ही संज्ञा कोणत्या अर्थाने वापरता येईल, या प्रश्नाकडे ते वळले होते, ही बाब महत्त्वाची आहे. त्यांच्या असहमतीला केवळ राजकीय भावनेची प्रतिक्रिया मानणाऱ्यांनी हा कालक्रम लक्षात घ्यावयास हवा.

अभ्यासाबरोबर व्यवसायही चालू होता. १९२७ पासून ते प्राप्तिकरविषयक बाबतींत सरकारचे विधी सल्लागार होते. १९४१ ते १९४३ या काळात त्यांनी कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद भूषविले आणि १९४४ ते १९४६ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुरावा तोलण्याची वकिली सवय आणि तत्त्वाचे मूळ शोधण्याची अभ्यासकी वृत्ती या दोहोंचा संगम पुढे त्यांच्या निकालपत्रात पानोपानी आढळतो.

टोकियो न्यायाधिकरण : रचना व कार्यपद्धती

१९ जानेवारी १९४६ रोजी दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी एका घोषणेद्वारे या न्यायाधिकरणाची स्थापना केली. मूळ सनदेत नऊ न्यायाधीशांची तरतूद होती. एप्रिल १९४६ मधील दुरुस्तीने भारत व फिलिपिन्स यांची भर पडून ही संख्या अकरा झाली. अशा रीतीने आशियातील लोकांवर झालेल्या अत्याचारांचा विचार करणाऱ्या न्यायासनावर आशियाचे केवळ तीन न्यायाधीश होते. भारत तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. निकाल लागला तेव्हा तो स्वतंत्र झालेला होता.

३ मे १९४६ रोजी कामकाज सुरू झाले. पाल त्याच महिन्यात काही दिवसांनी रुजू झाले. आरोपपत्रात अठ्ठावीस आरोपी आणि पंचावन्न आरोप होते. १९२८ ते १९४५ या सतरा वर्षांत जपानी नेत्यांनी आक्रमक युद्धांचा एक सलग कट रचला, हा अभियोगपक्षाचा मध्यवर्ती दावा होता. खटला चालू असताना दोन आरोपी मरण पावले व एकास मानसिक कारणास्तव वगळण्यात आले. नोव्हेंबर १९४८ मध्ये उरलेल्या पंचवीसही जणांना दोषी ठरविण्यात आले. सात जणांना मृत्युदंड, सोळा जणांना जन्मठेप आणि दोघांना मुदतीची कैद झाली. मृत्युदंडाची अंमलबजावणी २३ डिसेंबर १९४८ रोजी झाली.

न्यायाधीशांनी आपापसांतील मतभेद प्रकट करू नयेत, असा काहींचा आग्रह होता. पाल यांनी तो मान्य केला नाही. त्यांचे १२३५ पृष्ठांचे असहमतीचे निकालपत्र न्यायालयात वाचून दाखविण्यात आले नाही. नेदरलँड्सचे न्यायाधीश रोलिंग व फ्रान्सचे न्यायाधीश बर्नार यांनीही असहमती नोंदविली. परंतु सर्व आरोपींना पूर्णतः दोषमुक्त करण्याची भूमिका एकट्या पाल यांचीच होती.

असहमतीचे निकालपत्र : युक्तिवादाची मांडणी

पाल यांच्या युक्तिवादाचा पहिला भाग अधिकाराविषयी आहे. युद्धात विजय मिळविल्याने जेत्याला शिक्षा देण्याचे सामर्थ्य प्राप्त होते, परंतु गुन्ह्याची नवी व्याख्या करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सनदेने न्यायालय निर्माण केले. तिने विधी निर्माण केला असे मानता येणार नाही. आरोपींची कृत्ये घडली त्या वेळी जो आंतरराष्ट्रीय विधी अस्तित्वात होता, त्याच्याच आधारे न्याय झाला पाहिजे. पूर्वलक्षी प्रभावाने शिक्षा करणे हा न्यायाचा केवळ आभास होय.

दुसरा भाग आक्रमक युद्धाविषयी आहे. १९२८ च्या केलॉग–ब्रियांद कराराने युद्ध हे राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून त्याज्य ठरविले होते, यावर अभियोगपक्षाची भिस्त होती. पाल यांनी असे दाखविले, की या करारावर सह्या करताना बड्या राष्ट्रांनी स्वसंरक्षणाचा हक्क व तो केव्हा वापरावयाचा याचा निर्णय स्वतःकडेच राखून ठेवला होता. ब्रिटनने तर जगातील काही प्रदेशांत आपल्या कृतिस्वातंत्र्याला बाध येणार नाही, असे करारपूर्व पत्रव्यवहारात स्पष्ट केले होते. ज्या नियमाचा भंग झाला की नाही हे भंग करणाऱ्यानेच ठरवावयाचे, त्या नियमाच्या भंगास फौजदारी गुन्हा कसा म्हणावयाचा, असा त्यांचा प्रश्न होता.

तिसरा भाग या प्रश्नाच्या मुळाशी जातो. गुन्हा ही संकल्पना समाजाचे अस्तित्व गृहीत धरते. परंतु तत्कालीन आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत अनेक लोकसमूह परकीय सत्तेखाली होते. अशा स्थितीत 'शांततेविरुद्धचा गुन्हा' ठरविणे म्हणजे बळाने प्रस्थापित झालेली सत्ता 'जैसे थे' ठेवण्यास विधीचे संरक्षण देणे होय, असे पाल यांना वाटत होते. खटला चालू असतानाच नेदरलँड्स इंडोनेशियात आणि फ्रान्स इंडोचायनात आपली वसाहती सत्ता शस्त्रबळाने पुन्हा प्रस्थापित करू पाहत होते, ही वस्तुस्थिती या युक्तिवादाला बळ देते. अणुबाँबच्या वापराचा निर्णय आणि तटस्थता करार असताना सोव्हिएत रशियाने ऑगस्ट १९४५ मध्ये जपानविरुद्ध पुकारलेले युद्ध या बाबींचाही त्यांनी याच संदर्भात उल्लेख केला.

चौथा भाग पुराव्याचा आहे. सनदेच्या तेराव्या कलमाने पुराव्याच्या तांत्रिक नियमांचे बंधन न्यायाधिकरणावरून काढून टाकले होते. त्यामुळे ऐकीव माहिती, वृत्तपत्रीय मजकूर व खासगी टिपणे यांना मुक्त प्रवेश मिळाला. पाल यांनी मंत्रिमंडळांतील वारंवार झालेले बदल आणि लष्कर व मुलकी नेतृत्वातील मतभेद तपशिलाने मांडले आणि एकसंध कटाचा सिद्धांत सिद्ध होत नाही, असे प्रतिपादन केले.

दोषमुक्ती म्हणजे निर्दोषत्व नव्हे

पाल यांच्या निकालपत्राचा सर्वाधिक विपर्यास झाला तो अत्याचारांविषयीच्या भागाचा. नानजिंग येथील कत्तल व बलात्कार तसेच फिलिपिन्ससह व्यापलेल्या प्रदेशांत युद्धकैदी व नागरिक यांच्यावर झालेले अत्याचार त्यांनी नाकारलेले नाहीत. अतिशयोक्तीसाठी सूट दिली तरी जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले. मांचुरियातील जपानी धोरणाचीही त्यांनी प्रशंसा केली नाही. ही कृत्ये समोरच्या आरोपींच्या आदेशाने वा संमतीने झाली काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांनी नकारार्थी दिले. प्रत्यक्ष कृत्ये करणाऱ्यांवर अन्यत्र खटले झाले आहेत, याचीही त्यांनी नोंद घेतली.

येथेच त्यांच्या विवेचनाची मर्यादाही दिसून येते. हाताखालील सैन्य अत्याचार करीत आहे हे माहीत असूनही ते न रोखणे हा वरिष्ठाचा दोष आहे काय, या प्रश्नावर बहुमताने होकारार्थी उत्तर दिले. जनरल मात्सुई इवाने यांना नानजिंगसंदर्भात याच एका आरोपाखाली दोषी ठरवून मृत्युदंड देण्यात आला. पाल यांनी या जबाबदारीचा अर्थ फार संकुचित केला. पुढील काळात आंतरराष्ट्रीय विधीचा विकास बहुमताच्या दिशेने झाला. १९९८ च्या रोम संविधीच्या अठ्ठाविसाव्या कलमात वरिष्ठांच्या जबाबदारीचे तत्त्व स्पष्टपणे समाविष्ट आहे. तसेच चीनमधील साम्यवाद व बहिष्कार चळवळ यांना जपानच्या कृतींची पार्श्वभूमी म्हणून पाल यांनी दिलेले स्थान चिनी जनतेच्या दृष्टीने अन्यायकारक वाटणे स्वाभाविक आहे. वसाहतवादाच्या बळींबद्दल जागरूक असलेली त्यांची दृष्टी कोरिया व चीनमधील जपानी साम्राज्यवादाच्या बळींकडे तितक्याच प्रखरतेने वळली नाही, असे म्हणावे लागते.

निकालपत्राचे राजकीय जीवन

भारत सरकारने हे निकालपत्र आपले मानले नाही. ते एका न्यायाधीशाचे वैयक्तिक मत आहे, अशीच पंतप्रधान नेहरूंची भूमिका होती. जपानविषयीचे भारताचे धोरण मात्र स्वतंत्र राहिले. सॅन फ्रान्सिस्को परिषदेत सहभागी न होता भारताने ९ जून १९५२ रोजी जपानशी वेगळा शांतता करार केला.

जपानमधील अमेरिकी लष्करी अंमल एप्रिल १९५२ मध्ये संपला. त्याच सुमारास तानाका मासाआकी यांनी पाल यांच्या मताचा परिचय करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकातच जपान निर्दोष असल्याचा सिद्धांत होता. हे तानाका पूर्वी जनरल मात्सुई यांचे सचिव होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. 'हे आरोपी या विधीखाली दोषी ठरत नाहीत' या वाक्याचे 'जपानने काहीच केले नाही' असे रूपांतर येथून सुरू झाले. १९६६ मध्ये जपानने पाल यांना पवित्र निधी सन्मानाचा प्रथम श्रेणीचा किताब दिला. २००५ मध्ये टोकियोच्या यासुकुनी देवस्थानात त्यांचे स्मारक उभारले गेले. याच देवस्थानात १९७८ साली टोकियो खटल्यातील चौदा आरोपींचा समावेश पूज्य मृतात्म्यांत करण्यात आला होता. भारतीय पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी डिसेंबर २००६ मध्ये जपानी संसदेत आणि जपानी पंतप्रधान शिंझो आबे यांनी ऑगस्ट २००७ मध्ये भारतीय संसदेत पाल यांचा गौरवाने उल्लेख केला. राजनयाला स्मरणाची गरज असते. परंतु अशा स्मरणात निकालपत्राची निम्मी पाने गाळली जातात.

आंतरराष्ट्रीय विधी आयोग : उत्तरार्ध

पाल यांच्या कार्याचा दुर्लक्षित राहिलेला भाग १९५२ मध्ये सुरू होतो. सर बेनेगल नरसिंग राव आंतरराष्ट्रीय न्यायालयावर गेल्याने आंतरराष्ट्रीय विधी आयोगातील रिक्त झालेल्या जागी पाल यांची निवड झाली. १९६६ पर्यंत ते सदस्य राहिले आणि १९५८ व १९६२ अशा दोन वर्षी त्यांनी आयोगाचे अध्यक्षपद भूषविले. विधीचे क्रमशः संहितीकरण व विकास हे या आयोगाचे कार्य आहे. १९५८ मध्ये राजनैतिक संबंधांविषयीच्या कलमांचा अंतिम मसुदा तयार झाला. त्यातूनच १९६१ चा व्हिएन्ना करार साकारला. पाल सदस्य असतानाच आयोगाने तहांच्या विधीचा मसुदाही पूर्ण केला आणि १९६९ चा व्हिएन्ना करार त्यावर आधारित आहे.

या कार्याचे महत्त्व प्रतीकात्मक नाही. टोकियोमध्ये ज्या न्यायाधीशाने 'असा विधी अद्याप अस्तित्वात नाही' असे म्हटले, त्यानेच पुढील चौदा वर्षे राष्ट्रांच्या संमतीने विधी घडविणाऱ्या संस्थेत काम केले. नव्याने स्वतंत्र झालेली आशियाई व आफ्रिकी राष्ट्रे याच काळात संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश करीत होती. म्हणजेच, ज्या समान समाजाच्या अभावाकडे पाल यांनी बोट दाखविले होते, तो समाज अपुरा का होईना पण आकार घेऊ लागला होता. आक्रमणाची व्याख्या आमसभेने १९७४ मध्ये स्वीकारली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या संदर्भात तिला गुन्ह्याचे रूप २०१० च्या कंपाला परिषदेत मिळाले आणि त्यावरील अधिकारक्षेत्र जुलै २०१८ मध्ये कार्यान्वित झाले. एका गुन्ह्याची व्याख्या करण्यास राष्ट्रांना टोकियोनंतर साठ वर्षांहून अधिक काळ लागला, ही गोष्ट पाल यांच्या मूळ शंकेला दुजोरा देणारीच आहे.

१० जानेवारी १९६७ रोजी कलकत्ता येथे पाल यांचे निधन झाले. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले होते.

निष्कर्ष

१. पाल यांची असहमती ही जपानविषयीच्या सहानुभूतीतून अचानक उद्भवलेली नसून, १९३८ पासून चालत आलेल्या त्यांच्या विधिचिंतनाचा परिपाक होती.

२. त्यांचे निकालपत्र आरोपींना कायद्याने दोषमुक्त ठरविते. अत्याचारांना नाकारीत नाही. या दोहोंतील भेद पुसणारे कोणतेही वाचन, मग ते गौरवाचे असो वा निषेधाचे, अप्रामाणिक ठरते.

३. वरिष्ठांच्या जबाबदारीविषयीचे त्यांचे मत पुढील विधिविकासाने मागे टाकले. आक्रमणाच्या व्याख्येविषयीची त्यांची शंका मात्र दीर्घकाळ यथार्थ ठरली.

४. जेत्याच्या न्यायाला पर्याय न्यायाचा अभाव हा नसून सर्वांना समान लागू होणारा विधी हा होय. पाल यांच्या टोकियोतील नकाराचे उत्तर त्यांच्याच पुढील कार्यात आहे. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्यांपुढे पाल ठेवावयाचे असतील, तर ते निकालपत्राच्या शेवटच्या ओळीपुरते न ठेवता, १२३५ पृष्ठांचा युक्तिवाद व त्यानंतरची चौदा वर्षे यांसह ठेवणे आवश्यक आहे.