अल्टरनेटिव्ह रॉकमधील गिटारचा टोन

अल्टरनेटिव्ह रॉकमधील गिटारचा टोन म्हणजे १९९० च्या दशकात निर्वाना, साउंडगार्डन, स्मॅशिंग पंपकिन्स, रेडिओहेड इत्यादी वाद्यवृंदांच्या संगीतातून रूढ झालेला विद्युत गिटारचा खरखरीत व जाडसर नाद होय. शांत कडवे आणि गर्जणारे ध्रुवपद यांतील तीव्र विरोध हे त्याचे प्रमुख लक्षण आहे. गिटार, पिकअप, पेडल, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर या साखळीची योग्य जुळणी करून हा नाद साधला जातो. त्यासाठी उंची साहित्य अनिवार्य नाही. मुळात तो बव्हंशी स्वस्त व जुन्या साहित्यातूनच घडला.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकातील लोकप्रिय रॉक संगीतात वेगवान व सफाईदार एकल वादनाला महत्त्व होते. त्याच काळात सॉनिक यूथ, पिक्सीज, डायनोसॉर ज्युनियर यांसारख्या वृंदांनी गोंगाट, अपरिचित स्वरजुळण्या आणि साधी स्वररचना यांचा अंगीकार केला. सिअ‍ॅटल येथील मडहनी या वृंदाने १९८८ मधील ध्वनिमुद्रिकेला 'सुपरफझ बिगमफ' असे दोन पेडलांचेच नाव दिले. निर्वानाच्या 'नेव्हरमाइंड' (१९९१) या संग्रहाने हा नाद जगभर पोहोचविला.

विरूपण

तारेच्या कंपनातून निर्माण झालेला विद्युत संकेत मर्यादेपलीकडे वाढविला असता त्याच्या लहरींची शिखरे छाटली जातात. यास डिस्टॉर्शन किंवा विरूपण म्हणतात. छाटणीमुळे मूळ स्वरात नसलेले किंवा क्षीण असलेले उपस्वर उमटतात. तंबोऱ्याच्या घोडीवरील जवारीमुळेही नाद उपस्वरांनी भरून येतो. तेथे ते कार्य घोडीचा किंचित वक्र पृष्ठभाग करतो, येथे विद्युत मंडल करते. छाटणी सौम्य असल्यास तिला ओव्हरड्राइव्ह आणि अतितीव्र असल्यास फझ म्हणतात.

दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकातून तिसराच स्वर निघतो. षड्ज व पंचम यांचे प्रमाण २:३ असल्याने हा स्वर षड्जाच्या खालच्या सप्तकातील षड्जच ठरतो आणि नाद भरदार होतो. शुद्ध गांधार मात्र गिटारच्या समविभाजित पट्ट्यांवर नैसर्गिक गांधारापेक्षा किंचित चढा असतो. त्यामुळे तो मिसळताच नाद गढूळ होतो. या संगीतात केवळ षड्ज-पंचमाच्या 'पॉवर कॉर्ड'चा वापर विपुल असण्याचे हे एक कारण आहे. सर्वांत खर्जाची तार एका पूर्ण स्वराने उतरविल्यास (ड्रॉप डी) हा मेळ एका बोटाने वाजविता येतो.

साहित्य

फेंडर कंपनीच्या जाझमास्टर (१९५८), जॅग्वार (१९६२) आणि मस्टँग (१९६४) या गिटारी १९८० च्या दशकात मागे पडल्या होत्या व जुन्या बाजारात स्वस्त मिळत. कर्ट कोबेन याने जॅग्वार व मस्टँग, तर जे मॅस्किस आणि केव्हिन शील्ड्स यांनी जाझमास्टर प्रचारात आणली.

पेडलांपैकी बॉस कंपनीचे डीएस-१, प्रोको कंपनीचे रॅट आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे बिग मफ ही विशेष प्रसिद्ध आहेत. कोबेन आरंभी डीएस-१ व पुढे डीएस-२ वापरीत असे. स्मॅशिंग पंपकिन्सच्या 'सायमीज ड्रीम' (१९९३) या संग्रहातील दाट नाद बिग मफ आणि एकावर एक मुद्रित केलेले गिटारचे अनेक थर यांतून आला आहे. एका गिटारवर तो हुबेहूब मिळत नाही. रेडिओहेडचा जॉनी ग्रीनवुड मार्शल कंपनीचे श्रेडमास्टर वापरीत असे.

टोनची जुळणी

१. पेडल बंद ठेवून अ‍ॅम्प्लिफायरचा स्वच्छ नाद आधी जुळवितात. बेस, मिडल व ट्रेबल मध्यावर ठेवून आरंभ केला जातो.

२. नंतर पेडल चालू करून डिस्टॉर्शन हळूहळू वाढविले जाते. ते गरजेपेक्षा अधिक झाल्यास आघाताची धार हरपते आणि मेळातील स्वर वेगळे ऐकू येत नाहीत.

३. मिडल फार कमी करणे टाळावे लागते. एकट्याने वाजविताना असा नाद भव्य वाटतो, परंतु ढोल व बेस गिटार यांच्या संगतीत तो लोपतो. बिग मफमध्ये मधला पट्टा मुळातच दबलेला असल्याने ही भरपाई अ‍ॅम्प्लिफायरवर करावी लागते.

४. पेडल चालू व बंद असतानाच्या आवाजांतील फरक 'लेव्हल'च्या बटणाने ठरविला जातो. कडवे व ध्रुवपद यांतील विरोध यावरच अवलंबून असतो.

५. अंतिम जुळणी प्रत्यक्ष वादनाच्या आवाजातच केली जाते. हळू आवाजात मानवी कानाला खर्ज व अतितार स्वर कमी जाणवत असल्याने घरी जुळविलेला टोन मंचावर कर्कश किंवा बोजड भासतो.

भारतातील प्रसार

भारतात हे संगीत १९९१ नंतर उपग्रह दूरचित्रवाणी व कॅसेटद्वारे पोहोचले. मुंबईत धोबी तलाव परिसरातील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८६ पासून भरणारा 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव हे स्थानिक वृंदांचे प्रमुख व्यासपीठ होते. महेश टिनईकर यांच्या गिटारवादनासाठी ओळखला जाणारा रॉक मशीन (१९९३ पासून इंडस क्रीड) आणि पुढे पेंटाग्राम हे वृंद मुंबईतीलच होत.

विद्युत सुरक्षा

एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये वीजपुरवठ्याची गुणगुण शिरते. भारतात ती ५० हर्ट्झ व तिच्या पटींत असते. दुहेरी वेटोळ्याच्या हंबकर पिकअपमुळे ती बरीच कमी होते. गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे जीवघेणे ठरू शकते. कारण बिघाड झाल्यास विद्युत प्रवाह तारांमार्गे वादकाच्या शरीरात उतरतो. गावोगावच्या तात्पुरत्या मंडपांत अर्थिंगची तपासणी म्हणूनच आवश्यक असते. केवळ १२० व्होल्टसाठी बनविलेले अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायर भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ट्रान्सफॉर्मरविना जोडता येत नाहीत. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील कपॅसिटर वीज बंद केल्यानंतरही काही काळ भारित राहतात. त्यामुळे त्याची दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते.