घरगुती सफाईची रसायने: विहीर, माड आणि माणसे सांभाळून वापर

तारकर्लीत कर्ली नदी आणि समुद्र यांमधील वाळूच्या पट्ट्यात माडाची बाग, विहीर, शोषखड्डा आणि निवास-न्याहारीच्या खोल्या बहुतेकदा एकाच आवारात असतात. वाळूतून पाणी पटकन झिरपते. त्यामुळे न्हाणीघरात ओतलेल्या रसायनाचा विचार पिण्याच्या विहिरीपर्यंत करावा लागतो.

सर्वांत मोठा धोका मिश्रणाचा आहे. संडास धुण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ब्लिचिंग पावडरीवर पडले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद न्हाणीघरात खालीच साचतो, आणि वाकून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडात आधी जातो. पर्यटक निघून दुसरे येईपर्यंत तासाभरात खोली चकाचक करायची घाई असते, तेव्हाच "दोन्ही टाकूया, लवकर निघेल" असे होते. एका वेळी एकच रसायन वापरावे, भरपूर पाण्याने धुऊन मगच दुसरे घ्यावे. अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रवही ब्लीचमध्ये मिसळू नये. वास उग्र झाल्यास काम सोडून लगेच उघड्यावर यावे.

विहिरीसाठी ताजी, सुमारे ३३ टक्के क्लोरीनची पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम पुरते. २ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ते सुमारे ९,४०० लिटर भरते, म्हणजे २४ ग्रॅम पावडर. बादलीत कालवून गाळ बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि किमान एक तास उपसा करू नये. पावसाळी दमट हवेत उघडी पिशवी महिन्याभरात निकामी होऊ शकते; झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यात, सावलीत ठेवावी. ही पावडर म्हणजे चुना नव्हे, बोर्डो मिश्रणात वापरू नये. दोन्ही पांढऱ्या, म्हणून डब्यांवर नावे लिहावीत.

ब्लीच किंवा आम्लाचे पाणी माडाच्या आळ्यात सोडू नये. शोषखड्ड्यातही जास्त गेले तर मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

सुटे फिनेल, आम्ल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय मोडावी. मुले आणि पाहुणे दोघेही फसतात. कोणी प्यायल्यास उलटी करवू नये. तोंड धुवावे, बाटली सोबत घ्यावी, १०८ वर फोन करावा. डोळ्यात उडाल्यास १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरून मग दवाखाना गाठावा.