घाटपायथ्याची संमिश्र ख्रिस्तसभा : पाळकीय सेवेसाठी काही व्यवहारी सूत्रे

परमुलखातून आलेल्या भाविकांची सेवा कशी करावी, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या ख्रिस्तसभेतील एक तक्रार नोंदलेली आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. वाटपाचा कारभारच त्यांनी सात जणांच्या हाती सोपवला, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. आमच्या मते स्थलांतरितांच्या पाळकीय सेवेचे मर्म येथेच आहे. भाषेची सोय करून देणे आवश्यक असते, परंतु कारभारात वाटा दिल्यावाचून माणसे आपली होत नाहीत.

कर्जत-खालापूरची घडण

रायगड जिल्हा मुंबई महाधर्मप्रांताच्या हद्दीत येतो. १८६३ साली बोरघाटातील रेल्वेमार्ग सुरू झाला, १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र उभे राहिले, पुढे कारखाने आले आणि २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. प्रत्येक टप्प्यावर बाहेरची माणसे घाटाच्या पायथ्याशी आली. अशा गावांतील कॅथलिक समाज एका मुळाचा नसतो. कोणाची मातृभाषा कोकणी, कोणाची मल्याळम वा तमिळ, तर कोणी वसईचे मराठी भाषक. संख्या थोडी, घरे विखुरलेली आणि मिस्साबलिदान बहुधा एकच, अशी तेथील स्थिती असते.

अमेरिकेतील आशियाई वंशाच्या ख्रिस्ती समाजाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. १९६५च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर तो समाज झपाट्याने वाढला. २००१ साली अमेरिकेच्या कॅथलिक बिशप परिषदेने त्याच्यासाठी स्वतंत्र पाळकीय निवेदन काढले. त्याच वर्षी शिकागो येथे सिरो-मलबार धर्मप्रांताची स्थापना झाली. आपल्याकडे कल्याण येथे तसाच धर्मप्रांत १९८८ सालीच झाला होता. केरळचा भाविक कल्याणला गेला काय आणि शिकागोला गेला काय, त्याची गरज एकच होती, हे यावरून दिसते.

उपासनेची भाषा

एकाच मिस्सात चार भाषा कालवल्या तर कोणाचेच समाधान होत नाही. त्यापेक्षा महिन्याचे वेळापत्रक ठरवून ते पाळावे. वाचने परिसराच्या भाषेत म्हणजे मराठीत असावीत आणि गीते आळीपाळीने प्रत्येक गटाची घ्यावीत. प्रायश्चित्त संस्कार, रुग्णाभ्यंग आणि अंत्यविधी या तीन प्रसंगी मात्र मातृभाषेचा आग्रह धरावा. माणूस हिशेब कोणत्याही भाषेत करतो. पश्चात्ताप आणि शोक त्याच्या आईच्या भाषेत असतो. त्या भाषेचा धर्मगुरू शेजारच्या धर्मग्रामात किंवा मुंबईत कोठे आहे, याची यादी आधीच तयार असावी.

घराची लाज

आशियाई कुटुंब, मग ते न्यू जर्सीत असो वा नेरळमध्ये, आपले दुःख चारचौघांत उघड करीत नाही. व्यसन, कर्ज, मोडलेला विवाह, मानसिक आजार, मुलाचे अपयश ही सारी घराची लाज समजली जाते. म्हणून विश्वासू जनांच्या प्रार्थनेत कुटुंबाचे नाव घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी. घरभेटीच्या वेळी थेट प्रश्न विचारू नये. चहा घ्यावा, बसावे, पुन्हा यावे. ‘हो फादर’ हे उत्तर पुष्कळदा केवळ आदराचे असते, ते संमतीचे मानू नये. जे कानी पडले ते कोणाही वडीलधाऱ्याकडे, अगदी घरातल्याही, पोहोचवू नये. एकदा विश्वास मोडला की ते घर मिस्साला येत राहते, परंतु काही सांगत नाही.

दुसरी पिढी

अमेरिकेतील कोरियन ख्रिस्तमंडळ्यांत तरुण पिढी गाजावाजा न करता निघून गेली. १९९६ पासून त्या घटनेला ‘मूक निर्गमन’ म्हटले जाते. अनेकांनी श्रद्धा टाकली नव्हती. वडिलांच्या भाषेत आणि वडिलांच्या कारभारात त्यांना जागा नव्हती. आपल्याकडे खोपोलीत वाढलेल्या मुलाची बोली मराठी असते, शाळेची भाषा बहुधा इंग्रजी, आणि आजीची कोकणी त्याला समजते पण बोलता येत नाही. अशा तरुणांना आपण दुभाषे, गायक आणि खुर्च्या मांडणारे म्हणून वापरतो. ते पुरेसे नाही. १९८३च्या धर्मसंहितेच्या ५३७व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती अनिवार्य आहे. तिच्यात आणि धर्मग्राम परिषदेत प्रत्येक भाषागटाचा एक आणि तरुण पिढीतील किमान दोन सभासद असावेत. पैशाचा हिशेब ज्याला दाखवला जातो, तो पाहुणा राहत नाही.

यजमान कोण?

या दोन तालुक्यांत आपण स्वतःला यजमान समजण्याची घाई करू नये. येथले जुने रहिवासी ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी आहेत. त्यांतील कातकरी हा आदिम जमात म्हणून नोंदलेला समाज दरवर्षी आपल्याच मुलखातून स्थलांतर करतो. पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, हे त्यांचे चक्र आहे. मुलांची शाळा त्यातच तुटते. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. फार्महाउसमुळे जमिनीचे भाव चढले तशी त्यांच्या डोक्यावरील टांगती तलवार खाली आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकूर वस्ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले.

म्हणून तेथील सेवेला तीन पथ्ये असावीत. मदत धर्मावर अवलंबून नसावी आणि तशी शंकाही येऊ देऊ नये. काय हवे ते वाडीला विचारावे. जुने कपडे नेऊन टाकणे म्हणजे सेवा नव्हे. शिधापत्रिका, जातीचा दाखला, घराखालच्या जागेचा कागद यांसाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारणारा एक माणूस अन्नाच्या दहा पाकिटांहून अधिक उपयोगी पडतो. कार्यक्रमाचे दिवसही भट्टीचा हंगाम पाहून ठरवावेत, कारण जानेवारीत वाडी रिकामी असते.

जो समाज स्वतः परक्या मुलखात रुजला, त्याला उपऱ्याचे दुःख सांगावे लागू नये. आमच्या धर्मगुरू बांधवांनी, धर्मभगिनींनी आणि प्रापंचिक कार्यकर्त्यांनी आपल्या धर्मग्राम परिषदेची यादी एकदा समोर ठेवून वाचावी. रविवारी मिस्साला येणारा कोणता गट त्या यादीत नाही, हे पाहावे आणि पुढची रिकामी होणारी जागा त्याला द्यावी. यरुशलेमच्या ख्रिस्तसभेने हेच केले होते.