अंगावरचा बायोडेटा

आपल्याकडे बढती मिळाली की व्हिजिटिंग कार्ड बदलतं. नागा गावांत शाल बदलायची. आणि ती दुकानात मिळायची नाही!

आओ नागांची त्सुंगकोतेप्सू घ्या. लाल-काळे पट्टे, मधोमध एक पांढरा पट्टा, त्यावर काळ्या रंगात वाघ, हत्ती, कोंबडा, भाला, दाओ, माणसांची मुंडकी आणि मिथुन. (मिथुन म्हणजे रास नव्हे, गव्याच्या जातीतलं दणदणीत जनावर.) ही शाल पांघरायचा हक्क दोघांनाच: ज्याने शत्रूचं मुंडकं आणलंय त्याला, किंवा ज्याने मिथुनाचा बळी देऊन गावजेवण घातलंय त्याला. सगळी शाल बायका विणत, कमरेला पट्टा बांधून स्वतःच्या शरीराने ताण देत. अशा मागावर अरुंद कापडच निघतं, म्हणून तीन पट्ट्या विणून जोडायच्या. पांढऱ्या पट्टीवरची चित्रं मात्र पुरुषच काढत. झाडाचा चीक, तांदळाची बिअर आणि राख यांची शाई!

मला मुंडक्यांपेक्षा ते गावजेवण जास्त भारी वाटतं. कोठारात भात साठला म्हणून मान मिळत नसे. तो गावाला खाऊ घालून संपवला की मान मिळायचा. एकामागून एक ठरलेल्या जेवणावळी, प्रत्येक पायरीला नवा हक्क. श्रीमंती रिकामी करून तिची पावती अंगावर घ्यायची. आपल्या ईएमआयवाल्या डोक्याला हे जरा जडच जातं.

१८७२ साली अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी एडवर्ड क्लार्क आओ मुलखात पोचले. बळी आणि दारू आली म्हणून मिशनने या जेवणावळींना विरोध केला. मोकोकचुंगला राहिलेला ब्रिटिश अधिकारी जे. पी. मिल्स ('द आओ नागाज', १९२६) याला ते अजिबात पटलं नव्हतं. गंमत म्हणजे मुंडकी आणणं खुद्द ब्रिटिशांनीच बंद पाडलं. थोडक्यात, शाल मिळवायचे दोन्ही रस्ते बंद! २०११ च्या जनगणनेत नागालँडमध्ये सुमारे ८८ टक्के लोक ख्रिश्चन होते.

शाल मात्र टिकली. समारंभात पाहुण्यांच्या खांद्यावर येते, पैसे मोजले की कुणालाही मिळते. यंत्रावर काढलेल्या नकलाही निघाल्यात, आणि त्यांचा फटका बसतो तो मागावर बसणाऱ्या बाईला. चाखेसांग शालींना २०१७ साली जीआय मिळालं. त्याने नाव राखलं जातं, हक्काचा नियम नाही.

मग आपण घ्यावी का? माझ्या मते घ्यावी, पण हातमागाचीच. आणि त्सुंगकोतेप्सू पांघरण्याआधी निदान एकदा गावजेवण घालावं म्हणतो. सोसायटीत तीनशे फ्लॅट आहेत...