पाट्या मराठीत झाल्या, पण लांबून वाचता येतात का?

2022 साली राज्य सरकारने दुकाने आणि आस्थापना कायद्यात बदल केला. पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव आधी, आणि त्याचं अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. चांगलंच झालं. पण पेणच्या बाजारातून किंवा रोह्याला धाटाव एमआयडीसीच्या रस्त्याने जाताना जरा पाट्या बघा. कितीतरी ठिकाणी मराठी आहे, पण लांबून नजरेत भरतं ते इंग्रजीच. असं का होतं, हे समजायला अक्षरांचा इतिहास बघावा लागतो.

जाड, उभट, खांद्याला खांदा लावून उभी असलेली अक्षरं ही कारखानदारीच्या काळातली. 19व्या शतकात युरोप-अमेरिकेत जाहिराती भिंतींवर आल्या. कमी रुंदीत मोठं अक्षर बसवायचं होतं. 1827 साली न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्सने लाकडी टाइप यंत्रावर कापायला सुरुवात केली आणि अशी अक्षरं स्वस्तात मिळू लागली. आपल्या कॉम्प्युटरवर दिसणारा 'इम्पॅक्ट' हा 1965 सालचा फॉन्ट याच घराण्यातला.

आपल्याकडे जावजी दादाजींनी मुंबईत 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी आरूंनी कापलेल्या तिथल्या टाइपाचं नाव आजही घेतलं जातं. पण तो टाइप पोथ्या-पुस्तकांसाठी होता. रस्त्यावरचं मोठं अक्षर कितीतरी वर्षं पेंटरच्या ब्रशवरच चाललं.

खरी अडचण उंचीत आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षरं दिलेली सगळी उंची भरून टाकतात. मराठीचे मात्र तीन मजले. आपली 'कुंडलिका' नदीच घ्या: वर अनुस्वार आणि वेलांटी, खाली उकार. दोन्ही ओळींना सारखी उंची दिली, तर मराठीचं मूळ अक्षर मधल्या मजल्यात दबून बसतं. कायदा पाळला जातो, पण नाव बारीकच दिसतं.

पेंटर हे डोळ्यांनी सांभाळून घ्यायचा. फ्लेक्स आल्यावर नाव मावलं नाही की माऊसने ओढून चेपायचं, एवढंच उरलं. चेपल्यावर शिरोरेषा जाडच राहते आणि काना मात्र काडीसारखा होतो. टँकरच्या ड्रायव्हरला 'ज्वलनशील' हा शब्द लांबून वाचता आला नाही, तर ती पाटी काय कामाची?

यावर उपाय आहे, आणि तोही फुकट. 2014 मध्ये इंडियन टाइप फाउंड्रीचे 'तेको' आणि 'खंड' हे देवनागरी फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर आले. ते मुळातच अरुंद आखलेले आहेत, त्यामुळे उभ्या-आडव्या रेषांचा तोल बिघडत नाही. जाड वजनही त्यातच मिळतं.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी नागरी लिपी सोपी व्हावी म्हणून 'लोकनागरी'चा आग्रह धरला होता. आपल्याला तेवढंही करायचं नाही. नवीन पाटी करायला टाकताना फ्लेक्सवाल्याला दोनच गोष्टी सांगा: अक्षर चेपू नको, आणि मराठीला मात्रा-उकारासाठी जागा वाढवून दे. मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाचून बघा. तिथून वाचता आलं, तरच पैसे द्या!