झिजलेले रुपये

परवा माळ्यावरचा डबा आवरताना आजीचे दोन चांदीचे रुपये सापडले. दोन्ही १९१८ सालचे, पंचम जॉर्जचे. एक ठसठशीत, दुसरा पार गुळगुळीत. सन एकच, राजा एकच, मग हा फरक का?

मंडळी, मी आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि मुलांना विचारलं काय तर नाण्यावर राजा कोण आणि सन कोणतं. नाण्याची झीज हासुद्धा इतिहासाचा पुरावा असतो, हे मला निवृत्तीनंतर दामोदर धर्मानंद कोसंबींमुळे कळलं. तेच ते कोसंबी, जन्म गोव्यातला, १९०७ चा. १९४५ पासून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने जा-ये करत. म्हणजे आमच्या कल्याण-डोंबिवली-ठाण्यावरूनच की!

नाण्यांचं काम त्याआधीचं, ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते तेव्हाचं. आहत नाण्यांवर ना राजाचं नाव, ना सन, नुसत्या ठोकलेल्या खुणा. मग जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हे ठरवायचं कसं? कोसंबींनी तराजू घेतला.

व्यवहारात नाणं दर वेळी कणभर झिजतं. एखादं भाजीवालीच्या पिशवीतून रोज फिरतं, एखादं आजीच्या डब्यात वर्षानुवर्षं पडून राहतं. त्यामुळे एका नाण्याचं भविष्य कुणी सांगू शकत नाही. पण एकाच वर्षाची हजार नाणी घ्या. त्यांची सरासरी घट वर्षांच्या प्रमाणात वाढते, वजनातली तफावतही (गणितातलं ‘प्रचरण’) त्याच प्रमाणात वाढते, आणि वजनांचा आलेख घंटेसारखा दिसतो. असंख्य बारीक, एकमेकांशी संबंध नसलेले अपघात एकत्र आले की हाच आकार येतो. द मॉयव्हरने छापा-काट्याच्या खेळासाठी हे १७३३ मध्येच दाखवलं होतं. आणि नुसती शेवटची बेरीजच नव्हे, तर अशा यादृच्छिक पावलांचा सबंध प्रवासच एका ठरावीक रूपाकडे जातो, हे डॉन्स्करने १९५१ मध्ये सिद्ध केलं.

कोसंबींनी आधी आपल्या काळातली चलनी नाणी तोलून नियम तपासला, मग तक्षशिलेच्या साठ्यांकडे वळले. तिथे मागच्या बाजूच्या खुणा जितक्या जास्त, तितकं नाणं हलकं! म्हणजे या खुणा ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीच्या असणार. मुक्या नाण्यांचं वय निघू लागलं. १९४१ चा हा निबंध. मला तर तो एखाद्या शिलालेखाइतकाच मोलाचा वाटतो.

पण हाच विश्वास त्यांना पुढे महागात पडला. मूळ संख्यांच्या मांडणीविषयी रीमानने १८५९ मध्ये एक अनुमान मांडलं होतं. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कोसंबींनी संभाव्यतेच्या वाटेने त्यावर निबंध लिहिला, तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी तो मानला नाही. हजारो नाण्यांबद्दल ‘बहुतेक असंच होणार’ म्हणता येतं; मूळ संख्यांची रांग मात्र एकच, आणि ती कायमची ठरलेली. तिथे ‘बहुतेक’ चालत नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेतली त्यांची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. कारणं अनेक सांगतात, त्यात हा निबंधही असतो. १९६६ मध्ये ते गेले. रीमानचं कोडं अजून तसंच आहे.

आजीचे रुपये मी कोपऱ्यावरच्या सराफाकडून तोलून आणले. गुळगुळीत हलका भरला, अपेक्षेप्रमाणे. पण दोनच आहेत हो, त्यावरून काय ठरवणार? कुणाकडे १९१८ चे आणखी असतील तर वजन कळवा.