एक टन म्हणजे किती बर्फ

वडिलांनी खिडकीतला एसी पहिल्यांदा जवळून पाहिला तो १९७९ साली. मुंबईत, फोर्टातल्या एका कचेरीत आम्ही तिघं मिळून तो लाकडी चौकटीत सरकवत होतो. मिलची पाळी संपवून ते माझा डबा द्यायला आले होते. बाजूला उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं आणि जाता जाता विचारलं, "एक टनाचा म्हणतोस, मग तिघांनी कसा उचललात?" त्यांची हयात रुईच्या गाठींत गेली होती. टन म्हणजे काय, हे त्यांच्या खांद्याला ठाऊक होतं.

मला उत्तर देता आलं नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा कोर्स केला होता, एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं माप) हे पाठ होतं. पण वजनाचं माप थंडाव्याला कसं चिकटलं, हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या फोरमनना विचारलं. ते म्हणाले, "ससून डॉकला कधी गेलायस का? तिथं बोटीत बर्फाच्या लाद्या भरतात. तसल्या सहा-सात लाद्या खोलीत ठेव आणि चोवीस तासांत वितळू दे. तेवढी खोलीतली उष्णता त्या पितील. तेवढीच उष्णता आपलं यंत्र दिवसभरात बाहेर काढतं. हाच तो टन."

नंतर मी हिशेब मांडून पाहिला. हा अमेरिकेतला टन, २००० पौंडांचा. एक पौंड बर्फाचं पाणी व्हायला १४४ बीटीयू उष्णता लागते. दोहोंचा गुणाकार २,८८,०००. त्याला चोवीस तासांनी भागलं की बरोबर १२,०००. पाठ केलेल्या आकड्यामागे खरंखुरं बर्फ निघालं, याचा मला झालेला आनंद अजून आठवतो.

त्या बर्फाचा मुंबईशी संबंध आहे. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचं बर्फ कापून जहाजांनी उष्ण देशांत विकायचा. १८०६ साली त्याचं पहिलं जहाज वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर गेलं. १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं आणि चार महिन्यांचा प्रवास करून पोचलं, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होतं. विषुववृत्त दोनदा ओलांडूनही निम्म्याहून जास्त बर्फ टिकलं, ते कशाच्या जोरावर? लाकडाचा भुसा, घट्ट रचलेल्या लाद्या आणि हवा शिरू न देणारी बंदिस्ती. आमच्या धंद्याचा पहिला धडा मला त्या जहाजात दिसतो. थंडावा निर्माण करण्याआधी उष्णता अडवायची असते.

पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईत आलं. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, ही हकीकत आजही सांगितली जाते. मग फोर्टात, सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी, घुमटाचं बर्फघर उभं राहिलं. ते १९२० च्या दशकात पाडलं गेलं. मद्रासचं बर्फघर मात्र समुद्रकाठी अजून उभं आहे. स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये तिथं राहिले, म्हणून आता ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. फोर्टात काम असलं की मी त्या चर्चच्या कडेनं जायचो. तिथं आता पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी पाय आपोआप हळू पडायचे.

पुढे यंत्रानं बर्फ तयार होऊ लागलं आणि जहाजांचा धंदा बसला. यंत्र विकणाऱ्याला गिऱ्हाइकाला समजेल असं सांगावं लागे, की हे यंत्र रोज इतक्या टन बर्फाचं काम करील. तोच शब्द राहून गेला. १९०२ मध्ये विलिस कॅरियरनं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, तिची ताकदही बर्फातच मोजली गेली. दिवसाला १,०८,००० पौंड बर्फ वितळावं एवढी, म्हणजे ५४ टन.

पण त्या छापखान्याला थंडी नको होती. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. कॅरियरला हवेतलं पाणी आवरायचं होतं. 'एअर कंडिशनिंग' हा शब्ददेखील १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी कापडगिरण्यांच्या संदर्भात वापरला. तिथं सूत तुटू नये म्हणून हवेत ओल राखायची होती. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. "हवा सुकली की धागा तुटतो, हे आमच्याकडं पोरालाही कळतं," म्हणाले. मुंबईची दमट हवा गिरण्यांना मानवली आणि तीच हवा माणसांना छळते. माझ्या वडिलांचं पोट तिच्यावर चाललं आणि माझंही.

मुंबईत सामान्य माणसाला हा थंडावा पहिल्यांदा मिळाला तो सिनेमाच्या तिकिटावर. रीगल १९३३ मध्ये उघडलं ते वातानुकूलित म्हणूनच. १९३८ मध्ये मेट्रो आणि इरॉस आली. माझी आई मेट्रोत पाहिलेल्या चित्रपटाची गोष्ट विसरली होती, पण आत शिरताना अंगावर आलेली हवा तिला म्हातारपणीही आठवायची. घरात एसी ही मात्र फार पुढची गोष्ट. व्होल्टास १९५४ मध्ये निघाली, ब्लू स्टार त्याआधी १९४३ मध्ये. तरी मी कामाला लागलो तेव्हा एसी ही कचेऱ्यांची, इस्पितळांची आणि मोजक्या बंगल्यांची वस्तू होती. सरकारही तिला चैन समजून कर लावत असे.

वस्तू महाग होती म्हणूनच तिची निवड निगुतीनं व्हायची. आमच्याकडं एक छापील कागद असे, त्याला सगळे ई-२० म्हणत. कॅरियर कंपनीच्या पद्धतीवर बेतलेला हा उष्णतेचा हिशेब. फोरमन तो पेन्सिलीनं भरायचे आणि मी टेप धरायचो. खोलीची लांबी, रुंदी, उंची. कुठली भिंत कुठल्या दिशेला. काच किती चौरस फूट आणि तिच्यावर ऊन कधी येतं. वर दुसऱ्याचं घर आहे की उघडा स्लॅब. आत माणसं किती, बसून काम करणारी की वावरणारी. दिवे किती वॅटचे. दार किती वेळा उघडतं. प्रत्येक उत्तरापुढे बीटीयूचा आकडा पडायचा आणि शेवटच्या बेरजेला १२,००० नं भागलं की टन मिळायचे.

त्या कागदानं मला घराकडं पाहायला शिकवलं. शांत बसलेला माणूस तासाला साधारण ४०० बीटीयू उष्णता आणि ओल मिळून सोडतो, म्हणजे तीसेक माणसं बसली की एक टन त्यांच्यातच खर्च. पश्चिमेच्या उघड्या काचेतून, ती वीसच चौरस फूट असली तरी, दुपारी चारच्या सुमाराला पाव टनाएवढं ऊन आत येतं. शेवटच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री, आपण पाठ टेकतो त्या वेळी, ती उष्णता खाली सोडतो. एकाच इमारतीत, एकाच मापाच्या दोन खोल्यांना वेगवेगळा एसी लागतो, हे मी त्या कागदावर डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग १९९० नंतर दुकानं वाढली, हप्त्यांवर एसी मिळू लागला आणि कागद मागं पडला. त्याच्या जागी तोंडी आडाखा आला: शंभर-सव्वाशे फुटाला एक टन, त्यावर दीड, दोनशेच्या पुढं दोन. आडाखा वाईट नाही, तो आमच्याच अनुभवातून आला होता. पण पुढंपुढं त्यात भीती मिसळली. कमी पडला तर गिऱ्हाईक बोंब मारील, म्हणून एक पायरी वरचा द्यायचा. गिऱ्हाइकालाही मोठा म्हणजे चांगला वाटायचा.

दादरला एका घरी मी असाच एक बसवला. झोपायची खोली १२० चौरस फूट, मधल्या मजल्यावरची, खिडकी उत्तरेला. दुकानदारानं दोन टन दिला होता. माझं काम फक्त बसवण्याचं, म्हणून मी बोललो नाही. ते गप्प बसणं मला अजून बोचतं. जुलैत बोलावणं आलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, थंडी तर वाजते, पण अंथरूण ओलसर लागतं. कपाटातल्या चपलांना बुरशी आलीय." मी तासभर खोलीत बसून राहिलो. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, पाच-सहा मिनिटांत खोली गार करून बंद पडायचा. हवेतलं पाणी कॉइलवर जमून नळीवाटे बाहेर पडायला यंत्र सलग चालावं लागतं. इथं थेंब जमतात न जमतात तोच कॉम्प्रेसर थांबायचा, आणि पंखा तीच ओल परत खोलीत सोडायचा. कोरड्या नागपुरात मे महिन्यात ही चूक कदाचित खपून गेली असती. तिथल्या हवेत पाणीच इतकं कमी, की वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की वारा गार होतो. मुंबईत निम्मी लढाई पाण्याशी असते. शेवटी त्यांनी तो विकून एक टनाचा घेतला आणि नुकसान सोसलं.

आताचे इन्व्हर्टर एसी गरज कमी असली की मंद चालतात, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे. ही सुधारणा खरी आहे आणि मी तिचं मनापासून कौतुक करतो. २००६ पासून तारांकनाची पट्टी आली, २०१० पासून ती सक्तीची झाली, २०२० पासून नवा एसी चालू केला की २४ अंशांवरच सुरू होतो. या सगळ्यानं वीज वाचते. पण यंत्र किती हुशार आहे हे पट्टीवर वाचता येतं. तुमच्या पश्चिमेच्या भिंतीबद्दल ती काहीच सांगत नाही. इन्व्हर्टरलाही किती खाली उतरता येतं याला मर्यादा आहे, आणि फाजील टनाचे पैसे तर पहिल्या दिवशीच गेलेले असतात.

आमचं बालपण बीडीडी चाळीत गेलं, १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ माणसं. तिथं एसीचा प्रश्नच नव्हता. दार आणि खिडकी समोरासमोर होती, वारा आरपार जायचा, आणि उन्हाळ्यात पुरुष माणसं गॅलरीत झोपायची. माझ्या बहिणीनं गेल्या वर्षी परळला जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर घेतलं. तिचा मुलगा फोन करून म्हणाला, "मामा, खोली सव्वाशे फुटांची आहे. दुकानवाला दीड टन म्हणतो. घेऊ का?"

मी दुपारी चार वाजता गेलो, मुद्दामच. टेप नेला होता, जुन्या कागदाची एक प्रतही. पश्चिमेला पाच फूट बाय चार फूट काच, पडदा आतून. आतला पडदा काचेतून शिरलेलं ऊन खोलीतच ठेवतो. भिंतीला तळवा लावला तर चटका बसला. रात्री जेवून तिथंच थांबलो आणि साडेनऊला परत हात लावला. भिंत अजून कोमट होती. भाच्याला कागद दाखवला. आत्ताच्या स्थितीत दुकानदार बरोबर होता, बेरीज एक टनाच्या पुढं जात होती.

"आधी बाहेरून बांबूची चिक लाव," मी म्हटलं. "काचेला आणि जमलं तर बाजूच्या भिंतीलाही. पंधरा दिवसांनी येतो."

सोसायटीची परवानगी मिळायला वेळ गेला, पण चिक लागली. मी परत चारलाच गेलो. खोलीत अंधारून आलं होतं, चिकेच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा जमिनीवर पडल्या होत्या. भिंतीवर तळवा टेकवून ठेवता आला. पेन्सिलीनं काचेपुढचा आकडा खोडला, नवा लिहिला आणि बेरीज पुन्हा केली. भाच्यानं स्वतः १२,००० नं भागून पाहिलं. एकाला थोडं कमी.